आवाज बार्शीचा, गळा दुसऱ्याचा

मराठी चित्रपटसृष्टीच्या गमतीजमतींमध्ये ही एक खास म्हणावी लागेल. ज्याचा आवाज मैदानाच्या पार टोकाला बसलेल्या माणसाच्याही कानात शिरायचा, त्याला तिने मुख्य भूमिकेत घेतलं आणि गाजलेलं गाणं मात्र दुसऱ्याकडून गाऊन घेतलं. चित्रपट होता १९६१चा 'प्रपंच', भूमिका देवा कुंभाराची आणि माणूस सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. शाहीर अमर शेख.

त्यांचं खरं नाव मेहबूब. जन्म २० ऑक्टोबर १९१६चा. बार्शी म्हणजे भगवंताचं गाव. पण त्या काळात ते कापसाचं, गिरण्यांचं आणि 'बार्शी लाइट' या छोट्या रुळांवरच्या गाडीचंही गाव होतं. मुसलमान घरातल्या या पोराच्या कानावर आईमुळे लोकगीतं पडत गेली. शाळा गरिबीने फार टिकू दिली नाही. मग कधी मोटारीवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार. तो तेरा-चौदा वर्षांचा असताना सोलापूर मार्शल लॉखाली गेलं आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर चढले. अशा जिल्ह्यात वाढलेला पोरगा गिरणीच्या संपात पुढे नसता तरच नवल. संपाने त्याला विसापूरच्या तुरुंगात पोचवलं आणि तुरुंगाने कम्युनिस्ट केलं.

'अमर शेख' हे नाव कोल्हापूरचं. पोटापाण्यासाठी ते मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत गेले आणि तिथे मेहबूबचा अमर झाला. म्हणजे सिनेमाने त्यांना भूमिका द्यायच्या कितीतरी आधी नाव दिलं होतं. पडद्यावर त्यांना फारशी जागा मिळाली नाही, पण हे नाव पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं.

ते बसवलं लाल बावटा कलापथकाने. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी ते उभं केलं. साठे आणि गवाणकर लेखणीचे धनी, शेख गळ्याचे. अर्थात तिघेही सगळंच करत. जुन्या तमाशाचा साचा त्यांनी ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं, गवळण गळाली, वगात सावकार आणि गिरणीमालक शिरले. मुंबई सरकारने बंदी घातली तेव्हा तमाशाचं नाव 'लोकनाट्य' झालं. नाव बदलल्याने प्रेक्षक बदलतो थोडाच!

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा आवाज घरोघरी पोचला. सभेचा रिवाज ठरलेला: आधी शाहीर, मग पुढारी. डफावर थाप पडायची, तुणतुण्याची तार झणकायची, मागचे झीलकरी सूर धरायचे आणि शाहिराची पहिली तान गेली की उभी माणसं खाली बसायची. आचार्य अत्र्यांसारखा वक्ता व्यासपीठावर असतानाही शाहिराला 'आता आवरा' म्हणायची कोणाची हिंमत नसे. अत्र्यांनीच त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटलं. रशियन कवीशी बार्शीच्या शाहिराची ही सोयरीक जरा अत्र्यांच्याच थाटाची असली, तरी आवाजाच्या आणि आवेशाच्या बाबतीत ती चुकीची नव्हती.

लेखनही त्यांनी मनावर घेऊन केलं. 'अमरगीत', १९५८चा 'कलश', १९६३चा 'धरतीमाता' हे संग्रह, 'पहिला बळी' हे नाटक, शिवाय 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही नियतकालिकं. १९६२ साली चीनचं आक्रमण झालं तेव्हा कम्युनिस्टांकडे संशयाने बघितलं जात होतं. त्याच वेळी हा शाहीर हिमालय पेटल्याचं गाणं गात गावोगाव संरक्षण निधी गोळा करत होता.

आता सिनेमा. अत्र्यांच्या १९५४च्या 'महात्मा फुले'मध्ये ते दिसतात; पण त्यांची खरी भूमिका 'प्रपंच'मधली. दिग्दर्शक मधुकर पाठक, गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचं. घरात पोरांचं लेंढार, चाकावरची कमाई तुटपुंजी आणि डोक्यावर कर्ज, असा हा कुंभार. बायकोच्या भूमिकेत सुलोचनाबाई, धाकट्या भावाच्या भूमिकेत श्रीकांत मोघे. व्यासपीठावर मूठ आवळून गाणारा माणूस इथे खांदे पाडून वावरतो आणि तेच या निवडीचं मर्म वाटतं. विठ्ठलालाच कुंभार ठरवणारं गीत मात्र फडक्यांच्या गळ्यातून आलं. ते अजोड आहे, तक्रारीला जागा नाही. तरीही बार्शीच्या त्या खड्या गळ्याने ते कसं म्हटलं असतं, ही चुटपुट लागतेच.

माडगूळकरांनी त्याआधी १९४७ साली राजकमलच्या 'लोकशाहीर राम जोशी'साठी लेखणी चालवली होती. राम जोशी अस्सल सोलापूरचे, पेशवाईतले. पडद्यावर ते झाले जयराम शिलेदार, आणि गायलेही स्वतः. जिल्ह्याच्या जुन्या शाहिराला गाणारा नट मिळाला, नव्या शाहिराला नट होऊन गप्प बसावं लागलं.

'प्रपंच'ला मान मोठे मिळाले. १९६१च्या राष्ट्रीय पुरस्कारांत देशातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या चित्रपटाचं प्रशस्तिपत्र त्याने मिळवलं. राज्य शासनाचे चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपटही तोच ठरला. खुद्द शाहिराच्या नावापुढे मात्र 'पद्म' लागलं नाही. त्यांच्यानंतरच्या काळात शाहीर साबळे यांना १९९८ साली पद्मश्री मिळाली आणि २०२३ साली त्यांच्यावर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपटही निघाला. अमर शेखांच्या वाट्याला मुंबई विद्यापीठातलं शाहीर अमर शेख अध्यासन आलं. शाळा अर्धवट सुटलेल्या पोराच्या नावाने विद्यापीठात लोककलेचा अभ्यास चालतो, हा मान लहान नव्हे. घरातला वारसा वेगळ्या वाटेने गेला: लेक मलिका अमर शेख यांनी कविता लिहिली आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे परखड आत्मकथनही.

१९६९चं वर्ष या मंडळींना बाधलं. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. वय अवघं बावन्न. इंदापूर ओलांडलं की पुढे भीमा लागते, आणि भीमेपलीकडे सोलापूर जिल्हा.