गिधाडे घटली, माणसांचा धोका वाढला

मानवाचे आरोग्य निसर्गाच्या आरोग्यावर किती अवलंबून असते, हे भारतातील गिधाडांच्या ऱ्हासातून स्पष्ट होते. १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यास कारणीभूत असल्याचे २००४ मध्ये उघड झाले. औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. गिधाडांअभावी मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री आणि रेबीजचा धोका वाढला. २००० ते २००५ या काळात यामुळे सुमारे ५ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्तवण्यात आला. केंद्र सरकारने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गिधाडांचे रक्षण हे सार्वजनिक आरोग्याचेही रक्षण होय.