घोडपदेवात गाडी शिकताना

घोडपदेवात गाडी शिकायची असेल तर सकाळची पहिली बॅच घ्यावी. आठनंतर रामभाऊ भोगले मार्गावर शाळेच्या बस, पाण्याचे टँकर, सिलिंडरचे टेम्पो आणि दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या यांतून जो रस्ता उरतो, तो शिकाऊ माणसाच्या वाट्याला येत नाही. आधी मैदानात हात बसवायचा आणि मग रस्त्यावर यायचं, ही चैन इथे नाही. पहिल्या दिवसापासून रस्ताच. माझ्या मते हे बरंच आहे. मोठ्या रस्त्यावर शिकलेला माणूस चौथा गिअर लवकर टाकतो, घोडपदेवातला आधी पहिल्या गिअरमध्ये टिकायला शिकतो आणि मुंबईत रोज लागतं ते हेच.

कागदपत्रांचं आता फार काही नाही. घोडपदेवचं आरटीओ ताडदेवला, म्हणजे नंबरप्लेटवर एमएच ०१. पण लर्निंग लायसन्ससाठी तिथे जावंच लागतं असं नाही. २०२१ पासून आधार जोडून ‘सारथी’ पोर्टलवर घरबसल्या परीक्षा देता येते. वय १८ पूर्ण हवं. हे लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला पहिले तीस दिवस बसता येत नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लागतो आणि शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस. भावाची गाडी घेऊन एकट्याने ‘जरा चिंचपोकळीपर्यंत’ जाणं कायद्यात बसत नाही.

क्लासच्या गाडीत शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. नियमानेच ते लागतात. नियम असंही सांगतो की शिकवणी किमान २१ दिवसांची आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान दहा तास. रोज अर्धा तास धरला तर हिशेब जेमतेम बसतो. या दुहेरी पेडलांची एक गंमत आहे. पंधरा दिवसांनी आपल्याला वाटतं, ब्रेक छान जमायला लागला. खरं तर तो सर दाबत असतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात त्यांना स्पष्ट सांगावं, ‘सर, आज पाय मागे घ्या.’ तेव्हा कळतं आपण कुठे आहोत.

आता क्लच. इंजिन सतत फिरत असतं आणि उभ्या गाडीची चाकं मात्र थांबलेली असतात. दोघांना एकदम जोडलं तर थांबलेली चाकं इंजिनलाही थांबवतात, गाडी झटका देऊन बंद पडते आणि मागचा टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवतो. क्लचमध्ये इंजिनकडची फिरती चकती आणि गिअरकडची चकती असते. पेडल दाबलं की त्या सुटतात, सोडलं की घट्ट बसतात. मधल्या टप्प्यात त्या एकमेकींवर घसरत थोडी थोडी ताकद चाकाकडे देतात. यालाच सगळे ‘हाफ क्लच’ म्हणतात. ती जागा डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधायची. पेडल हळू सोडताना इंजिनचा आवाज जरा खाली बसतो आणि बॉनेट किंचित उचललं जातं. तिथे पाय थांबवायचा. सपाट रस्त्यावर अॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, एवढ्यावर गाडी सरकते. हातगाडीमागून चालीच्या वेगाने जायला दुसरं काही लागत नाही.

हाच क्लच पुलावर खरा कळतो. हार्बर लाइन ओलांडायला रे रोडला चढ चढावाच लागतो. तिथला केबलवर टांगलेला नवा पूल मे २०२५ मध्ये सुरू झाला. चढावर गाडी थांबली की शिकाऊ माणूस हाफ क्लचवरच ती तोलून धरतो. तसं करू नये. चकत्या घासत राहतात, तापतात आणि जळका वास येतो. हॅण्डब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा, आवाज खाली बसेपर्यंत क्लच सोडावा, थोडा अॅक्सिलरेटर द्यावा आणि गाडी पुढे ओढतेय असं वाटलं की हॅण्डब्रेक खाली सोडावा. गाडी बोटभरही मागे येत नाही.

पुलापलीकडे दारुखाना, म्हणजे लोखंडाचे आणि भंगाराचे ट्रक, ट्रेलर. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने जवळची वाट धरतात. गाडी जितकी लांब, तितकी ही वाट आत. म्हणून डावीकडे वळणारा ट्रेलर आधी उजवीकडे जातो आणि डावीकडे मोकळी जागा दिसते. ती जागा आपली नाही. आणखी एक खूण: त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

मागच्या चाकांचा हाच नियम आपल्या छोट्या गाडीलाही लागू. इमारतीच्या गेटमधून वळताना पुढचा कोपरा निघाला म्हणून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की मागचं दार खांबाला घासतं. मागचं चाक खांबाशी आल्यावरच फिरवावं. रिव्हर्समध्ये उलट: मागचा भाग आज्ञाधारकपणे आत जातो आणि पुढचं नाक बाहेर फेकलं जातं. शेजारच्या बाइक्सची ओळ पडते ती याच नाकाने. गणपतीत मांडव लागले की जागा आणखी आवळते. शिकवणी त्या दिवसांत सुरू न केलेली बरी.

पक्क्या परीक्षेत मोटार वाहन निरीक्षक जे पाहतात त्यात चढावर थांबून मागे न घसरता निघणं नियमातच लिहिलेलं आहे. घोडपदेवच्या मुलांचं ते रे रोडला झालेलं असतं. त्यांचं अडतं ते भलत्याच ठिकाणी: मोकळ्या जागेत पुढचा गिअर टाकायची सवय नसते आणि इंडिकेटर विसरतो, कारण गल्लीत सगळं हॉर्न आणि हातवाऱ्यांवर चालतं. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबावं लागतं.

रिक्षांचं मात्र कुणी शिकवत नाही. मुंबईच्या शहर भागात रिक्षांना बंदी, त्यामुळे शीव ओलांडल्यावरच डावीकडून अचानक आत शिरणारं ते तीनचाकी प्रकरण पहिल्यांदा भेटतं. राहिलं लायसन्स: पास झालात की ते स्पीड पोस्टाने घरी येतं. अर्जात पत्ता देताना इमारतीचं नाव आणि खोली नंबर नीट लिहावेत, पोस्टमनला घर सापडलं नाही तर पाकीट परत आरटीओत जातं आणि तेवढ्यासाठी ताडदेवला खेप पडते.