पाळी यंत्राची, बोलणी चिटबॉयला



तोडणीची पाळी लांबली की आपण आधी कोणाला गाठतो? चिटबॉयला. साहेब लांब असतात, हा वाटेत सापडतो. देवगाव रंगारीच्या बाजारात परवा असाच एक भेटला. कारखान्याचे नाव घेत नाही. म्हणाला, "काका, पूर्वी शिव्या खाल्ल्या तरी झोप लागायची. पाळी आम्हीच लावलेली असायची, चुकली तर दोन दिवस पुढं-मागं करता यायची. आता मोबाईल सांगतो, अन् का सांगतो ते मला पण कळत नाही."

लागणीची तारीख, जात, आडसाली की खोडवा, ब्रिक्स किती, हे पाहून शेतकी खाते तोडणीचा कार्यक्रम लावी. आता उपग्रहाच्या चित्रावरून ऊस पक्व झाला की नाही याचा अंदाज संगणक बांधू शकतो. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मदतीने उसावर असा प्रयोग केला. उपग्रह, हवामान केंद्र आणि मातीतली यंत्रे यांच्या आधारे शेतकऱ्याला फोनवर सल्ला मिळतो. प्रयोग चांगला आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण चित्रातला ऊस अन् बांधावरचा ऊस यांत फरक पडला तर? तुरा आलेला ऊस उभा राहिला की वजन घटते, शेतकरी तापतो. निर्णय यंत्राचा, उत्तर माणसाने द्यायचे. शिवाय आपण कुठे किती वेळ थांबलो हेही त्याच मोबाईलमध्ये नोंदले जाते, असे तो म्हणाला. बांधावर चहा घेतला तरी जीव खालीवर! त्यात नोकरी हंगामी. पुढच्या वर्षी बोलावतील का, हा घोर वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नैराश्य व चिंतेपायी जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात. २०२२ साली तिने कामाच्या ठिकाणासाठी जे उपाय सुचवले, त्यांत कामाची पद्धत सुधारणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे हेही आहे. म्हणजे दोष एकट्या कामगाराच्या मनाचा नाही.

आमचे म्हणणे असे की, जिथे यंत्राने पाळी लावायची तिथे ती बदलण्याचा लेखी अधिकार गटाच्या शेतकी अधिकाऱ्याला असावा, आणि बदलाचे कारण नोंदवहीत लिहावे. सर्वसाधारण सभेत हा विषय काढायला कोणाची हरकत नसावी.

तोवर ज्याला झोपच येत नाही त्याने टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. २०२२ पासूनची ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. त्या चिटबॉयलाही आम्ही नंबर सांगितला. त्याने तो मोबाईलमध्ये घातला नाही, खिशातल्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतला.