डेटाबेसच्या दारातून आत कोण येतं?

मंडळी, जालन्यात बोलतोय, तर बियाण्यापासूनच सुरुवात करतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली आणि पुढं हे शहर बियाण्यासाठी ओळखलं जाऊ लागलं. आता इथल्या लहान व्यापाऱ्याचाही हिशोब क्लाउडवर असतो. म्हणजे डेटाबेस भाड्यानं घेतलेला, सर्व्हर मुंबईत नाहीतर पुण्यात, आणि आपल्या हातात फक्त यूजरनेम आणि पासवर्ड.

अशाच एका बियाणं व्यापाऱ्याकडे माझ्या हातून एक चूक झाली. काम साधं वाटत होतं. डेटाबेसमध्ये २३ खाती होती आणि मालकांना त्यातली आठच ओळखता आली. ते म्हणाले, "साहेब, नको ती काढून टाका." फेब्रुवारी महिना होता. मी महिनाभर लॉग चालू ठेवला, जी खाती एकदाही दिसली नाहीत ती उडवली आणि बिल दिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोदामातून फोन आला. चलनावर लॉट नंबर येईना. ट्रक भरून उभा, तालुक्याचे दुकानदार खोळंबलेले, पाऊस तोंडावर. मी उडवलेल्यांपैकी एक खातं गोदामातल्या जुन्या प्रोग्रामचं होतं. तो प्रोग्राम फक्त खरिपात, माल निघायला लागला की चालायचा. फेब्रुवारीत तो दिसणार कसा? खातं नव्यानं तयार करून, परवानग्या एकेक आठवून देईपर्यंत दुपार उलटून गेली.

आता मूळ मुद्दा. खात्यांची यादी वेगळी आणि हजेरी वेगळी. पोस्टग्रेसमध्ये यादी पाहिली तर कोणाला आत यायचा अधिकार आहे ते कळतं, पण तो शेवटचा कधी आला, हे त्या यादीत नसतं. (ओरॅकलनं १२सी आवृत्तीपासून ती तारीख दाखवायला सुरुवात केली, हे त्यांचं चांगलं काम.) मग लोक 'पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी' उघडतात. त्यात खातं, आयपी पत्ता, प्रोग्रामचं नाव, कधीपासून जोडलेलं आहे, सगळं दिसतं. पण फक्त या क्षणी आत असलेल्यांचं. बस स्टँडवर सकाळी अकरा वाजता डोकावून रात्रीच्या गाडीनं कोण जातं ते कसं सांगणार? रात्री दोनला तीन मिनिटं येऊन जाणारा बॅकअप दुपारी दिसत नाही.

म्हणून नोंद चालू करावी लागते, आणि ती बरेचदा बंदच असते. पोस्टग्रेसमध्ये जोडणीची नोंद मुळात बंद असते. भाड्याच्या डेटाबेसमध्ये सर्व्हरवरच्या फाइलला हात लावता येत नाही, तेव्हा सेवा देणाऱ्याच्या पॅनेलमधूनच ती सेटिंग बदलायची. आपल्याच ऑफिसात बसवलेला एसक्यूएल सर्व्हर मूळ सेटिंगवर फक्त फसलेले लॉगिन लिहितो. म्हणजे चोर कडी हलवून परत गेला तर नोंद, किल्ली लावून आत गेला तर काहीच नाही! अझ्युअरच्या एसक्यूएलमध्ये ऑडिटिंग चालू केलं की यशस्वी आणि फसलेले, दोन्ही लॉगिन लिहिले जातात. पण चालू आपल्यालाच करावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये परफॉर्मन्स स्कीमात खात्यागणिक मोजणी मिळते, ती मात्र सर्व्हर रिस्टार्ट झाला की शून्यावर येते.

नोंद किती दिवसांची ठेवायची? सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस भारतात ठेवायला सांगितलं आहे. तो कायद्याचा हिशोब झाला. आपला हिशोब खरीप ते खरीप, म्हणजे बारा महिने. सगळा लॉग वर्षभर साठवायला पैसे पडतात, म्हणून मी आता एक छोटं टेबल ठेवतो: खातं, आयपी, प्रोग्राम, पहिल्यांदा कधी दिसलं, शेवटचं कधी दिसलं. रोज रात्री लॉगमधून त्यात भर पडते. पाच वर्षं चाललं तरी काही हजार ओळींच्या पुढं सहसा जात नाही.

वाचताना एक सांभाळा. प्रोग्रामचं नाव जोडणारा स्वतः सांगतो, ते खोटं असू शकतं. आयपीवरही फार विसंबू नका, कारण अख्खं ऑफिस एकाच पत्त्याआडून बाहेर पडतं. आणि वेबसाइट एकाच खात्यानं जोडत असेल, तर तिच्यामागचे पन्नास माणसं डेटाबेसला एकच दिसतात. ती हजेरी वेबसाइटनंच घ्यायला हवी.

दोन वह्या ताडून पाहिल्या नाहीत तर काय होतं, ते २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेनं दाखवलं. स्विफ्टवरून हमीचे संदेश जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती. दोन्ही प्रणाली जोडायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली. आपल्याकडे एक वही खात्यांच्या यादीची, दुसरी हजेरीची.

ताडून झाल्यावर उडवायची घाई नको. खातं फक्त बंद करा. पोस्टग्रेसमध्ये 'नोलॉगिन', मायएसक्यूएलमध्ये 'अकाउंट लॉक'. फोन आला तर एका ओळीत परत चालू, परवानग्या जागच्या जागी. मात्र 'नोलॉगिन' केल्यावर आधीच आत बसलेला बाहेर निघत नाही, त्याची जोडणी वेगळी तोडावी लागते. हे सगळं प्रोग्रामच्या खात्यांसाठी. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं असेल तर खरिपाची वाट बघू नका, त्याच दिवशी बंद करा.

मागून प्रश्न आलाय: "आमच्याकडे सगळे अ‍ॅडमिनच्याच खात्यानं येतात, मग काय?" मग हजेरीपटावर एकच नाव आहे, दादा. आधी प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला वेगळं खातं द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलणं सगळ्यात शेवटी, आणि तेही जूनमध्ये नको.