काकांची टपालपेटी

गेल्या दिवाळीच्या सुटीत सौंसर येथील आमच्या काकांचे घर रिकामे करण्याचा प्रसंग आला. काकू गेल्यानंतर त्या घरात दिवा लावणारे कोणी उरले नव्हते. भांडीकुंडी, पलंग, कपाटे यांची व्यवस्था एका दुपारात लागली. माळ्यावरच्या पत्र्याच्या एका पेटीने मात्र आम्हा चौघा चुलत भावंडांना दोन दिवस गुंतवून ठेवले. तिच्यात विमानटपालाचे सुमारे तीनशे लिफाफे, काही पोस्टकार्डे आणि काकांच्या वळणदार अक्षरांतील एक जाड वही होती.

काका नागपूरला आरएमएसमध्ये सॉर्टर होते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली आणि नागपूर तिचे केंद्र ठरले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची तेथे अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी एप्रिलपासून देशातील पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजनाही अमलात आली. त्या काळी आमचा छिंदवाडा जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूरच होती. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो. काकांची नोकरी मात्र नागपुरातच राहिली.

या नोकरीतून त्यांना छंद जडला. रात्रटपालाने आलेले रिकामे लिफाफे ते ओळखीच्यांकडून मागून घेत. पुढे पदरमोड करून त्यांनी जुन्या वस्तूही मिळविल्या. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. जगातील पहिले अधिकृत विमानटपाल ते हेच. त्या उड्डाणाचे एक कार्ड पेटीत आहे. लंडन-कराची सेवा सुरू झाली त्या १९२९ सालचा एक लिफाफा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे स्वतः विमान चालवीत टपाल आणले, त्या फेरीचाही एक लिफाफा आहे.

मतभेद झाला तो या तीन वस्तूंवरूनच. एका व्यापाऱ्याने तेवढ्याच घेण्याची तयारी दर्शविली. बाकीच्या लिफाफ्यांना, आणि वहीला तर मुळीच, किंमत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. धाकट्या भावाच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा होता. तेव्हा त्याने विक्रीचा आग्रह धरला, यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. घरातल्या माणसाची गरज बाजूला सारून कागद जपणे हाही एक अन्यायच.

त्या रात्री मी वही वाचावयास घेतली. प्रत्येक लिफाफ्याला क्रमांक होता व त्यापुढे एकदोन ओळींची नोंद: कोणत्या विमानाने आला, ते वेळेवर होते की उशिरा, पाऊस होता की धुके. एके ठिकाणी लिहिले होते, ‘मद्रासचे विमान दोन तास उशिरा. थैल्या भिजलेल्या. पहाटेपर्यंत पत्रे वाळविली.’ तो लिफाफा काढून पाहिला. पत्त्याची शाई खरोखरच पसरलेली होती. पेकेच्या उड्डाणाची कार्डे इतरत्रही सापडतील. हा डाग आणि त्याची ही हकिकत एकत्र अन्यत्र सापडणार नाही. सकाळी आम्ही तिघांनी ठरविले, की धाकट्याचा वाटा आपण रोख द्यावा आणि पेटी फोडू नये.

मग प्रश्न आला, ठेवावी कोठे? मुख्याध्यापक या नात्याने मला प्रथम आपली शाळाच आठवली. परंतु पूर्वी एका शाळेत देणगी मिळालेल्या ग्रंथांचे वाळवीने काय केले, ते मी पाहिले आहे. शिवाय मी आज ना उद्या निवृत्त होणार. कपाटाची किल्ली पुढे कोणाच्या हाती जाईल, हे मी कसे सांगावे? केवळ आपल्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून पेटी तेथे ठेवणे हा मोह होता.

लेकीसाठी स्थळ पाहावे त्याच काळजीने आम्ही आता चौकशी आरंभिली आहे. दिल्लीच्या डाक भवनातील राष्ट्रीय टपाल-तिकीट संग्रहालयाकडे यादीसह पहिले पत्र धाडले आहे. नागपुरातही विचारणार आहोत, कारण या संग्रहाचे खरे माहेर तेच. विचारणा तीनच गोष्टींची आहे: वही व लिफाफे एकत्र राहतील काय, यादीवर लेखी पोच मिळेल काय आणि अभ्यासकाला ते पाहावयास मिळतील काय. होकार जेथून येईल तेथे पेटी जाईल. वहीची एकेक प्रत पांढुर्ण्यास व सौंसरला आमच्या घरी राहील.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. तिकिटे लिफाफ्यावरून कापून काढू नयेत. शिक्क्यासह असलेला संपूर्ण लिफाफाच बोलका असतो. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. ओल व ऊन दोन्ही टाळावे. आणि मुख्य म्हणजे, घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक वस्तूची हकिकत लिहून घ्यावी. आमच्या काकांनी ती स्वतःच लिहून ठेवली होती, म्हणून आम्हाला पेटीचे मोल कळले. पंधरा वर्षे मी त्या घरी दर पोळ्याला जात होतो. माळ्यावर काय आहे, हे मात्र एकदाही विचारले नाही.