क्लच कुठे पकडतो?

सिंगल प्लेट क्लचची आकृती आपण मेकॅनिकलवाले परीक्षेत डोळे मिटून काढतो. तीही लेबलिंगसकट! पण नोकरी लागल्यावर कधीतरी आपण एखादी वापरलेली गाडी घेणार, पहिल्याच सिग्नलला ती गचका देऊन बंद पडणार आणि मागून हॉर्न सुरू होणार. त्या वेळी ती आकृती उपयोगी पडते का? माझं मत, पडते. कशी ते सांगतो.

उदाहरण घरचंच आहे. माझे मामा शिवाजी पार्कला राहतात. मेसच्या जेवणापासून सुटका म्हणून मी रविवारी तिकडे असतो, हे आमच्या विंगला ठाऊक आहेच. रिटायर झाल्यावर मामांनी सेकंड हँड वॅगन आर घेतली. मामीचे गुडघे दुखतात, तिला दवाखान्यात नेता-आणता यावं हा हेतू. मामा काही नवशिके नाहीत. त्यांनी कित्येक वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली होती. तीच ती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली गाडी. टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली.

तरीही नव्या गाडीने पहिल्या आठवड्यात मामांचा घाम काढला. प्लाझाकडून टिळक पुलाच्या चढावर गाडी तीनदा बंद पडली. मागे बेस्टची बस. मामी म्हणाली, ‘‘अहो, राहू द्या. आपण टॅक्सीनेच जात जाऊ.’’ मामा काही बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, ‘‘अरे, वय झालं बहुतेक. पाय ऐकत नाही आता.’’

त्यातच एका गॅरेजवाल्याने गाडी चालवून न बघताच निकाल दिला, ‘‘क्लच गेलाय, पूर्ण सेट बदला.’’ म्हणजे दोष एकतर मामांच्या वयाचा, नाहीतर गाडीचा. नेमका कोणाचा, हे आधी कळायला हवं. कारण एकात पेन्शनचे पैसे जाणार होते आणि दुसऱ्यात माणसाचा आत्मविश्वास.

आत काय चालतं?

इंजिनाबरोबर फ्लायव्हील सतत फिरत असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेट आणि डायफ्रॅम स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. आपण पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं, पकड सुटते, इंजिन वेगळं आणि चाकं वेगळी.

पेडल सोडताना मधे एक जागा येते. तिथे प्लेट घासत घासत पकडू लागते. हाच आपला ‘हाफ क्लच’. चालू लोकल पकडणारा माणूस आधी डब्याबरोबर दोन पावलं धावतो ना, तसं. (धावती लोकल कृपया पकडू नका, उदाहरणापुरतं घ्या!) ती दोन पावलं गाळली तर माणूस आपटतो आणि इथे इंजिन बंद पडतं.

प्रत्येक गाडीत वेगळ्या जागी का?

मामांच्या गाडीत पेडलपासून क्लचपर्यंत केबल आहे. अशा गाडीत प्लेटचं लायनिंग झिजलं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंगची बोटं उलट बेअरिंगकडे येतात. पेडलचा सुरुवातीचा मोकळा खेळ, म्हणजे फ्री प्ले, कमी होतो. परिणाम? क्लच वर, पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर पकडतो. याउलट केबल ताणली गेली तर फ्री प्ले वाढतो आणि क्लच खाली, फ्लोअरजवळ पकडतो. हायड्रॉलिक क्लच झीज बऱ्याच अंशी आपोआप भरून काढतो. तिथे पेडल अचानक खाली जायला लागलं तर ऑइलची गळती किंवा लाइनमधली हवा शोधायची.

मामांच्या पायाला सवय होती खाली पकडणाऱ्या क्लचची. इथे पाय वर येतोय, येतोय, काहीच होत नाही. मागून हॉर्न. (शिवाजी पार्क २०१० पासून शांतता क्षेत्र आहे. टिळक पूल नाही!) मग पाय पटकन सुटतो आणि नेमका तिथेच क्लच पकडतो. गाडी बंद. यात वयाचा काय संबंध?

दोष की सवय?

आम्ही रविवारी पहाटे, कट्ट्यावर फिरणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, गाडी बाहेर काढली आणि एकेक गोष्ट तपासली.

१) मॅट. आधीच्या मालकाने एकावर एक दोन मॅट टाकले होते. पेडल पूर्ण दाबलंच जात नव्हतं, म्हणून रिव्हर्स टाकताना कर्रर्र. वरचा मॅट काढला, आवाज गेला. फुकटात!

२) फ्री प्ले. पेडल हाताने दाबून बघितलं. दीड-दोन सेंटीमीटर सैल जायला हवं होतं, जवळजवळ शून्य होतं. असंच चालवत राहिलं तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही स्लिप होऊ लागते.

३) स्लिप. मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर झटकन दाबला. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र मागे राहिली तर प्लेट संपली समजा. आमची गाडी आवाजाबरोबर पुढे गेली.

४) आवाज. क्लच दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यायचा. दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. इथे दोन्ही नव्हतं.

निष्कर्ष : प्लेट थोडी झिजलेली, पण जिवंत. दुसऱ्या एका फिटरने केबलचा नट फिरवून फ्री प्ले परत आणला. सेट कधीतरी बदलावा लागेलच, पण आज नाही.

थोडं गणित

इंजिनाचा वेग स्थिर धरून सपाट रस्त्यावर गाडी उचलली, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते साधारण तितकीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. माणसांसकट गाडी ९०० किलो धरा. १५०० आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर उष्णता सुमारे ४ किलोज्यूल. तेच ३००० आरपीएमवर रेस करून उचलली तर वेग दुप्पट, म्हणजे उष्णता चौपट, १६ किलोज्यूल! ‘रेस देऊन सोड’ हा सल्ला देणाऱ्याला हे गणित दाखवा.

आता चढावर गाडी ब्रेकऐवजी हाफ क्लचवर तोलून धरणारे. चढ २५ ला १ धरा. गाडी मागे ओढणारं बल सुमारे ३५० न्यूटन. इंजिन १५०० आरपीएमवर असेल तर गाडी जागेवर उभी असूनही क्लचमध्ये सुमारे एक किलोवॅट उष्णता तयार होते. म्हणजे रेक्टर सरांपासून लपवून ठेवलेल्या आपल्या हीटिंग रॉडइतकी! सिग्नलला एक मिनिट असं उभं राहिलात तर सपाट रस्त्यावरून पंधरा वेळा गाडी उचलण्याइतकी झीज एका सिग्नलला. तो जळका वास उगाच येत नाही.

पायाला शिकवायचं कसं?

आधी सीट. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. पायात चप्पल नको, पातळ तळव्याचे बूट बरे.

मग सपाट रस्ता, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. क्लच सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज किंचित बसेल, गाडी हलकेच थरथरेल. तिथे दोन सेकंद थांबा, गाडी सरकू द्या, परत क्लच दाबून ब्रेक लावा. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत आयडलिंग कोसळू लागलं की कॉम्प्युटर स्वतःच सांभाळून घेतो, म्हणून हे जमतं. मामांच्या पद्मिनीत कार्ब्युरेटर होता, म्हणून त्यांचा उजवा पाय आधी धावायचा. असं वीसेक वेळा केलं की ‘ती’ जागा पायाला सापडते.

शेवटी चढ. हँडब्रेक ओढा. क्लच पकडीच्या जागेवर आणा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, बॉनेट जरा उचललं गेलं की हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही. आणि एकदा चाललात की डावा पाय पेडलवरून बाजूला!

तिसऱ्या रविवारी मामा टिळक पुलावर मधोमध थांबले, हँडब्रेक लावला, सिग्नल सुटल्यावर शांतपणे निघाले. मागच्या सीटवर मामी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘‘येताना रानडे रोडवर भाजी घ्यायचीय.’’ टॅक्सीचा विषय निघाला नाही.

तुमच्यापैकी काही म्हणतील, आता एएमटी आहे, डावा पाय हवा कशाला? २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ती आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आली खरी. पण तिच्या आतही हाच क्लच आहे, फक्त पेडल मशीन दाबतं. तोही झिजतो, तोही चढावर तापतो.

तेव्हा मित्रहो, सुट्टीत घरी जाल आणि बाबा-काका एखाद्या जुन्या गाडीवर वैतागलेले दिसतील, तर लगेच ‘द्या मी चालवतो’ म्हणू नका. आधी मॅट उचलून बघा, पेडल हाताने दाबून बघा. मग त्यांना बाजूला नव्हे, ड्रायव्हरच्याच सीटवर बसवा!