सायकलचें खोगीर आणि खोगीरभरती

दोनतीन किलोमीटर सायकल चालवून शाळेस येणाऱ्या मुलाची बैठकीविषयीं सहसा तक्रार नसते. तोच मुलगा सुटींत मित्रांबरोबर तीसचाळीस किलोमीटर जाऊन आला म्हणजे दुसऱ्या दिवशीं त्याला बाकावर बसवत नाहीं; आणि कारण मात्र तो घरीं सांगत नाहीं. शरीराच्या ज्या भागाचा उच्चार करण्याची आपणांस लाज वाटते, तेथील दुखण्यावरचे उपायही ऐकीव असतात. त्यांतील सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे बाजारांतून जाड, मऊ गादीचें आवरण आणून तें सीटवर चढविणें. हा उपाय बहुधा उलटा पडतो.

तो कां, हें पाहण्यासाठीं कठीण पाटावर ताठ बसून दोन्ही तळहात बुडाखालीं घालावे. डाव्याउजव्या बाजूंस दोन कठीण टेंगळें हातास लागतील. हीं कटीच्या हाडांचीं खालचीं टोकें होत. बसलेल्या माणसाचा भार पेलणें हेंच त्यांचें काम. या दोहोंमधील जागेंतून मात्र नाजूक मज्जातंतु व रक्तवाहिन्या जातात. त्या जागेची रचना भार सोसण्यासाठीं झालेली नाहीं. तेव्हां चांगली सीट ती, जी भार हाडांवर घेते व मधली जागा मोकळी ठेवते. आतां मऊ गादीचें काय होतें पहा. ओल्या वाळूंत टांच रोवली कीं वाळू टांचेच्या दोन्ही बाजूंनीं वर येते. तशींच आपलीं दोन हाडें गादींत रुततात आणि मधला भाग फुगून नेमका नाजूक जागीं रेटतो. पहिलीं दहा मिनिटें सुख वाटतें, तासाभरानें मुंग्या येऊं लागतात. दुकानांत अंगठ्यानें दाबून सीटची पारख करणारे गिऱ्हाईक म्हणूनच फसतें.

खोगीर बनविणाऱ्यांस ही गोष्ट फार पूर्वीं कळली होती. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनीं १८६६ सालीं घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला. पुढें त्यांचा घोडा मेला, त्यांनीं उसनी सायकल घेतली व तिची बैठक इतकी टोचली कीं ते स्वतःच त्या उद्योगास लागले, अशी कथा सांगतात. १८८२ सालीं त्यांनीं आपल्या खोगिराचें पेटंट घेतलें. या जातीच्या खोगिरांत कापूसबिपूस कांहींच नसतें. जाड कातडें लोखंडी चौकटीवर झोळीसारखें ताणलेलें असतें. नवें असतांना तें दगडासारखें लागतें, परंतु कांहींशें किलोमीटर चालविल्यावर हाडांखालीं दोन उथळ खळगे पडतात व तें खोगीर त्या एकाच माणसाचें होऊन जातें. पावसाचें मात्र त्याला वावडें आहे. भिजलेल्या कातड्यावर बसलें तर तें कायमचें सैल पडतें. म्हणून पावसाळ्यांत त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी.

सीटची रुंदी हाडांमधील अंतरावरून ठरवावी. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कठीण बाकावर ठेवून, पाय किंचित् उंच घेऊन त्यावर मिनिटभर बसलें कीं दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधील अंतर प्रौढांत साधारणतः १० ते १४ सेंटिमीटर भरतें. सीट त्याहून दोनतीन सेंटिमीटर रुंद असावी. मुलींचें हें अंतर सरासरीनें अधिक असतें, म्हणून भावाची सायकल बहिणीस दिली तर सीट बदलावी लागेल हें ध्यानांत असावें. ताठ बसून चालविणारास रुंद, स्प्रिंगांची सीट मानवते. वांकून वेगानें जाणारास तीच मांड्यांना घासते.

येथें पालकांस एक स्पष्ट सांगावयाचें आहे. वाढत्या अंगाचा सदरा शिवावा तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊं नये. सदरा सैल झाला तर लोक हसतील, एवढेंच. सायकल मोठी झाली तर मुलाचे पाय पायडलपर्यंत नीट पोंचत नाहींत; प्रत्येक फेऱ्यास कंबर डावीउजवीकडे झुकते, आणि तासाभरांत हजारों वेळां तीच कातडी त्याच जागीं घासली जाते. मग मूल सायकल टाकून देतें आणि घरचीं माणसें त्यास आळशी म्हणतात! उंचीचा ठोकताळा सोपा आहे. कोणीतरी सायकल धरावी, मुलानें सीटवर बसून पायडल अगदीं खालीं न्यावें व त्यावर टांच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला कीं गुडघा थोडा वांकतो, तेवढाच हवा. सीट सपाट असावी. टोंक वर उचललेलें असेल तर मधली जागा चेंगरते; फार खालीं असेल तर अंग पुढें घसरून सर्व भार मनगटांवर येतो. एक पाना व पांच मिनिटें, एवढाच याचा खर्च.

आतां चड्डीविषयीं. साध्या विजारीच्या चार शिवणी जेथें एकत्र येतात, नेमके तेथेंच आपण बसतों. जीनच्या जाड शिवणी तर काचतातच. सायकलस्वारांच्या तंग चड्डीला ती गांठ नसते, व आंत घट्ट, पातळ गादीचें अस्तर असतें. हें अस्तर पूर्वीं आल्प्स पर्वतांतील शॅमॉय नांवाच्या रानबकऱ्याच्या मऊ कातड्याचें असे. धुतल्यावर तें कडक होई, म्हणून त्यास मलम चोळावें लागे. आतां कृत्रिम कापड वापरतात. येथेंही जाडी पाहून भुलूं नये. जाड व भुसभुशीत अस्तर म्हणजे निव्वळ खोगीरभरती. या चड्डीच्या आंत दुसरें कांहीं घालावयाचें नसतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाहीं. आंतलें सुती वस्त्र घाम धरून ठेवतें व त्याच्या शिवणी पुन्हां घासूं लागतात. ती प्रत्येक वेळीं धुवून, उलटी करून उन्हांत वाळवावी, आणि कितीही जिवलग मित्र असला तरी त्यास उसनी देऊं नये.

ही चड्डी नसली तर प्रवास अडतो असें मात्र नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परत आले. ज्या लवचीक धाग्याची आजची तंग चड्डी होते, तो जोसेफ शिव्हर्स यांनीं अमेरिकेंत १९५८ सालीं तयार केला. तेव्हां पैसे थोडे असतील तर आधीं सीट व तिची उंची पहावी. चड्डी मागाहून घ्यावी.

लांब जातांना दर दहापंधरा मिनिटांनीं पायडलांवर उभें राहून क्षणभर भार काढावा. नवशिक्याचीं हाडें पहिले पंधरा दिवस थोडीं दुखतीलच. तें सरावानें जातें. बधिरपणा मात्र सरावानें जात नाहीं. तो येतांच उतरावें व सीट तपासावी. कातडी सोलली असेल तर ती भरून येईपर्यंत सायकल बंद ठेवावी. आणि गळूं होऊन ताप आला, तर मुलानें लाज सोडून त्याच दिवशीं आईस किंवा वडिलांस सांगावें व डॉक्टरांकडे जावें.